वरच्या वर्गातले दादा : वैद्यकीय शिक्षणातील एक अलिखित परंपरा

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका वरिष्ठ विद्यार्थ्याने मला आपल्या खोलीवर बोलावले आणि पलंगाखालून एक लाकडी पेटी ओढून बाहेर काढली. पेटीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली मानवी हाडे होती. मांडीचे हाड, दंडाचे हाड, कटीचा अर्धा भाग, दोरीत ओवलेली मणक्यांची माळ आणि वेगळ्या डब्यात कवटी. "हा बोन सेट आता तुझा," ते म्हणाले. किंमत विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते आणि विचारली असती तरी ती देण्याची ऐपत नव्हती. माझी अडचण ओळखून त्यांनी पेटीचे झाकण उलटे करून दाखवले. आतल्या बाजूस बॉलपेनने पाच नावे लिहिलेली होती आणि प्रत्येक नावापुढे प्रवेशाचे वर्ष. पाचवे नाव त्यांचे होते. "यातल्या पहिल्याने विकत घेतला असेल, बाकी कोणी पैसे दिलेले नाहीत. तू पुढच्याला दे."

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रवेशपरीक्षा, गुण, महाविद्यालयांची यादी यांवर लिहावे असा विचार प्रथम मनात आला. ती माहिती आज सर्वत्र उपलब्ध आहे. जे कोठेच छापलेले नाही आणि ज्यावाचून आपल्या शाळेतून गेलेल्या मुलामुलींचे पहिले वर्ष अवघड होते, ते म्हणजे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळणारे अनौपचारिक मार्गदर्शन. त्याविषयी लिहावे असे शेवटी ठरवले.

मी १९९० च्या दशकाच्या मध्यावर नागपुरातील दोन सरकारी महाविद्यालयांपैकी एकात शिकलो. नागपूरकर एकाला 'मेडिकल' म्हणतात आणि दुसऱ्याला 'मेयो'. मेडिकल १९४७ सालचे, तर मेयो रुग्णालय जुने असले तरी तेथील आजचे महाविद्यालय १९६८ सालचे. त्या काळी पहिले एम. बी. बी. एस. दीड वर्षाचे होते आणि परीक्षा नागपूर विद्यापीठाची असे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ त्यानंतर, १९९८ मध्ये, अस्तित्वात आले. आमच्या गावातून डॉक्टर होण्यासाठी शहरात आलेला मी पहिलाच. दहावीपर्यंतचे माझे सारे शिक्षण मराठीतून झाले होते. शाळेत मी अन्ननलिका, यकृत, प्लीहा, स्वादुपिंड शिकलो होतो, चित्रे काढून नावे दिली होती, त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. विच्छेदनगृहात ते एकही नाव माझ्या कामाला आले नाही. टेबलाभोवती उभ्या असलेल्या दहाबारा जणांत प्रश्नाचा अर्थच न समजणारे आम्ही दोघेतिघे होतो. उत्तर येत नसणे ही वेगळी गोष्ट. आम्हाला प्रश्नच कळत नव्हता.

पहिल्या अंतर्गत परीक्षेत शरीररचनाशास्त्रात मी नापास झालो. उत्तीर्ण होण्यास निम्मे गुण लागतात आणि मला त्याच्या जवळपासही जाता आले नव्हते. आयुष्यात प्रथमच नापास झालेल्या मुलाची मनःस्थिती आपल्या शाळेतील गुणवंतांना वेगळी सांगायला नको. मी घरी पत्र लिहिले नाही. तीन दिवस मेसमध्ये उशिरा जाऊन जेवलो, म्हणजे कोणाशी बोलावे लागू नये. चौथ्या दिवशी पेटीवाले ते वरिष्ठ माझ्या खोलीवर आले, हातात गुडघ्याची वाटी घेऊन.

"याला काय म्हणतात?"

"पटेला."

"आणि तुझ्या आईच्या भाषेत?"

मी म्हणालो, "वाटी."

"लॅटिनमध्येही त्याचा अर्थ तोच. पटेला म्हणजे लहानशी थाळी."

पुढील अर्धा तास त्यांनी माझ्यापुढे जे उलगडून ठेवले, ते मला नंतर कोणत्याही व्याख्यानात मिळाले नाही. गळ्याखालच्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात, कारण त्याचा आकार जुन्या काळच्या किल्लीसारखा दिसला. नडगीच्या हाडाचे टिबिया हे नाव बासरीवरून आले. मनगटातील स्कॅफॉइड म्हणजे होडी. खुब्याच्या हाडातील खोबण, ॲसिटॅब्युलम, हे रोमन लोकांच्या जेवणाच्या पाटावरचे सिरक्याचे भांडे. माकडहाडाचे कॉक्सिक्स हे नाव ग्रीकांनी कोकिळेच्या चोचीवरून ठेवले. ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातली, शेतातली आणि अंगणातली भांडीकुंडी, अवजारे, पाखरे हाडांना चिकटवून दिली. ज्याला आपण विद्वानांची भाषा समजून घाबरत होतो, ती मुळात घरगुती भाषा होती, फक्त ते घर आपले नव्हते. त्या रात्री मी वहीत दोन रकाने आखले आणि शंभरेक शब्द लिहून काढले. ती वही पुढे कितीतरी जणांच्या हातून फिरली.

त्यानंतर महिनाभर रोज रात्रीच्या जेवणानंतर ते माझ्याकडे बसत, पाऊण तासाहून अधिक नाही. त्यांची पद्धत साधी होती. पुस्तक मिटायचे आणि मोठ्याने सांगायचे. अडलो की आकृती काढायची. आकृतीही अडली तरच पुस्तक उघडायचे. तोंडी परीक्षेचे तंत्रही त्यांनीच शिकवले. परीक्षक हातात हाड देतो, तेव्हा घाईने नाव सांगू नये. ते हाड स्वतःच्या शरीराशी जसे असते तसे धरावे, डावे की उजवे ते ठरवावे आणि मग बोलावे. त्या दोन क्षणांत छातीतली धडधडही कमी होते. "माहीत नाही, सर" हे उत्तर देण्यास बंदी नाही. बंदी आहे ती थापा मारण्यास. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ही परवानगी कोणीतरी द्यावी लागते. शिक्षकांनी दिली तर ती त्याला खरी वाटत नाही. नुकताच त्या खुर्चीवरून उठून आलेल्याने दिली की तो विश्वास ठेवतो.

या गोष्टीमागे शिक्षणशास्त्र आहे आणि त्याच्या इतिहासात आपल्या देशाचा वाटा आहे, हे मला फार उशिरा कळले. स्कॉटलंडचे अँड्र्यू बेल हे १७८९ साली मद्रासमधील एग्मोर येथे लष्करातील सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी चालवलेल्या संस्थेचे अधीक्षक झाले. तेथल्या एका देशी शाळेत मोठी मुले लहान मुलांना वाळूवर बोटाने अक्षरे गिरवायला शिकवताना त्यांनी पाहिली. आपल्या शिक्षकांनी ही रीत स्वीकारण्यास टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी वर्गच एका लहान मुलाच्या हाती सोपवला आणि प्रयोग यशस्वी झाला. मायदेशी परतल्यावर १७९७ साली त्यांनी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इंग्लंडातील हजारो गरीब मुले पुढे याच 'मद्रास पद्धती'ने शिकली. येथे एक कडू गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्या देशी शाळांच्या वाळूतून ही युक्ती उचलली गेली, त्या वाळूपर्यंत आपल्या पूर्वजांची बोटे बहुतेक ठिकाणी पोहोचू दिली गेली नव्हती. आपल्या शाळेत संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला आठवीचा मुलगा पाचवीच्या मुलाची वही तपासतो, त्या साध्या दृश्याला म्हणूनच माझ्या लेखी फार मोठा अर्थ आहे.

जवळच्या वरिष्ठाला हे का साधते? तीस वर्षे शिकवलेल्या प्राध्यापकाला विषय इतका आत्मसात झालेला असतो की तो न समजणे म्हणजे काय, हेच ते विसरून गेलेले असतात. यात त्यांचा दोष नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच ठिकाणी ठेचकाळलेल्या विद्यार्थ्याच्या पायाला मात्र दगड नेमका कोठे आहे ते आठवत असते. त्याच्यापुढे आपले अज्ञान उघडे करायला लाजही कमी वाटते.

वॉर्डातले शिक्षण हा याहून मोठा विषय आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही गळ्यात नवा स्टेथोस्कोप अडकवून रुग्णांपुढे उभे राहिलो, तेव्हा काय पाहायचे हे पुस्तकात होते, पण कसे उभे राहायचे हे नव्हते. ते इंटर्न आणि निवासी डॉक्टरांनी शिकवले. रुग्णाच्या उजव्या बाजूस उभे राहावे. पोट तपासण्यापूर्वी तळहात एकमेकांवर घासून गरम करावेत, थंड हात लागला की पोटाचे स्नायू आखडतात आणि मग काहीच कळत नाही. तपासताना नजर स्वतःच्या हाताकडे न ठेवता रुग्णाच्या चेहऱ्याकडे ठेवावी, दुखले की ते प्रथम तेथे दिसते. प्लीहा चाचपताना उजव्या ओटीपोटापासून सुरुवात करून तिरके वर डाव्या बरगड्यांकडे जावे. मी एकदा थेट बरगडीखाली बोटे घातली आणि "प्लीहा लागत नाही" असे सांगून मोकळा झालो. निवासी डॉक्टरांनी काही न बोलता माझा हात धरून खाली नेला. प्लीहा इतकी वाढली होती की मी तिच्या कडेवर नसून तिच्या मध्यभागी बोटे टेकवून बसलो होतो. ती चूक पुन्हा माझ्या हातून झाली नाही.

तो रुग्ण सुमारे नऊ वर्षांचा, गडचिरोलीकडचा मुलगा होता. सांधे दुखणे, अधूनमधून डोळे पिवळे होणे, वारंवार ताप. आमच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात सिकलसेलला अर्धे पान होते आणि ते वाचून हा दूर कोठल्या तरी खंडातला आजार वाटे. त्या निवासी डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन सांगितले, की विदर्भात सांधे दुखणारे, फिकट, पिवळट डोळ्यांचे मूल समोर आले तर इतर काही मनात येण्याआधी हा प्रश्न विचारायचा आणि रक्ताची विद्राव्यता चाचणी करायची. ती सकारात्मक आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस. मध्य भारतातील या रोगलक्षणाची नोंद नागपूरच्याच शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात केली होती, हेही मला त्या व्हरांड्यातच कळले. अनेक आदिवासी जमातींत आणि आपल्या समाजातही हा आजार आहे, हे तेथे उभ्या असलेल्या आम्हा दोघांना वेगळ्याच अर्थाने समजले. सुटीत गावी गेल्यावर मी माझ्या एका चुलत बहिणीला तपासणीसाठी सोबत घेऊन आलो. तिचे 'वातीचे दुखणे' बारा वर्षे चालले होते.

याच ठिकाणी खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याचे पारडे प्रथमच जड होते. रुग्ण म्हणतो, "जीव घाबरून राह्यला", "आंगात कणकण हाय", "हागवण लागली". शहरातून आलेल्या माझ्या हुशार मित्रांना यांतले निम्मे कळत नसे. एका वरिष्ठ ताईंनी मला जाणीवपूर्वक पुढे केले आणि रुग्णाची माहिती घ्यायला लावली. बदल्यात इंग्रजीतून ती कशी मांडायची, हे मित्रांनी मला शिकवावे असा तह त्यांनी घडवून आणला. ज्या बोलीची वर्गात लाज वाटत होती, ती वॉर्डात उपयोगी पडली. मार्गदर्शन म्हणजे केवळ वरून खाली देणे नव्हे, कोणाजवळ काय आहे हे ओळखून ते कामी लावणे हेही त्यात येते. हे त्या ताईंना कोणी शिकवले होते, देव जाणे. बहुधा त्यांच्या ताईंनी.

नागपूरच्या मेडिकलमधून शिकून गेलेल्यांत डॉ. अभय व राणी बंग, डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमटे ही नावे सर्वांना परिचित आहेत. मेळघाटातील बैरागड येथे आयुष्य वेचणारे डॉ. रवींद्र कोल्हे हेही तेथलेच. त्यांच्याविषयीची एक हकीकत आपल्या विषयाशी जुळते. आदिवासी भागात जाण्याचे ठरल्यावर त्यांनी सेवाग्रामच्या डॉ. जाजूंना विचारले, की तेथे जाण्यापूर्वी मला काय यायला हवे? उत्तर मिळाले ते असे : सोनोग्राफी आणि रक्तपुरवठ्याची सोय नसताना बाळंतपण करता आले पाहिजे, क्ष-किरण यंत्र नसताना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे आणि अतिसारावर उपचार करता आला पाहिजे. डॉ. कोल्हे त्यानंतर थेट डोंगरात गेले नाहीत. या गोष्टी शिकण्यासाठी मुंबईस गेले आणि मग बैरागडला पोहोचले. अभ्यासक्रमात शेकडो गोष्टी असतात. त्यांतल्या कोणत्या तीन गोष्टींवाचून माणूस मरेल, हे अनुभवी माणूसच सांगू शकतो, आणि तेही कोणी विचारले तर. आपली मुले विचारत नाहीत. "सरांना त्रास कशाला" म्हणून दाराबाहेर उभी राहतात आणि परत फिरतात. पालकांनी आपल्या पाल्याला महाविद्यालयात सोडताना पैशांइतकेच हेही सांगून पाठवावे, की विचारताना संकोच करू नये.

आता या परंपरेच्या काळ्या बाजूविषयी. आपल्या शाळेत मोठ्या मुलाला आपण दादा म्हणतो, मोठ्या मुलीला ताई. वैद्यकीय महाविद्यालयात एक वर्ष पुढे असलेल्यालाही 'सर' म्हणावे लागते. शब्द बदलला की नातेही बदलू शकते. माझा एक वर्गमित्र दुसऱ्या शहरातील महाविद्यालयात गेला. तेथे त्याला पहिले दोन महिने रात्री उभे करून ठेवले जाई, वरिष्ठांची जर्नले लिहून द्यावी लागत आणि प्रवेश कोणत्या प्रवर्गातून मिळाला हे रोज नव्याने सांगावे लागे. त्याला नोट्सही मिळत, जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळत. छळ करणारे आणि नोट्स देणारे हात एकच असल्यामुळे तक्रार करणे म्हणजे अभ्यासाची वाट बंद करून घेणे होते. तो दिवाळीला घरी आला तो परत गेला नाही. आज तो उत्तम शिक्षक आहे, परंतु डॉक्टर व्हायचे त्याचे राहून गेले.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालापासून आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांसाठी स्वतंत्र विनियम केले. तरीही २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरचा मृत्यू झाला, तो आपण विसरू शकत नाही. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालय देईल. आपण एवढेच लक्षात घ्यावे, की शस्त्रक्रियागृहात कोणाला आत घ्यायचे, कोणाच्या हाती काम द्यायचे हे जेथे वरिष्ठांच्या मर्जीवर असते, तेथे मार्गदर्शन रोखून धरणे हेदेखील छळाचे साधन होऊ शकते.

मग कल्याणमित्र आणि सत्ता गाजवणारा वरिष्ठ यांतला भेद कसा ओळखावा? आनंदाने कल्याणमित्रता हा धम्मजीवनाचा अर्धा भाग असल्याचे म्हटले आणि भगवंतांनी तो अर्धा नसून संपूर्ण असल्याचे सांगितले, ही कथा आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकली आहे. परंतु मला अधिक उपयोगी वाटतो तो विनयपिटकाच्या महावग्गातील उपाध्याय आणि शिष्य यांच्या कर्तव्यांचा भाग. मार्गदर्शनावाचून नवे भिक्षू कसेही वागू लागले, तेव्हा ही व्यवस्था लावून दिली गेली. शिष्याने उपाध्यायाचे पाणी, आसन, वस्त्र, निवास यांची काळजी घ्यावी असे त्यात आहे, आणि एवढेच वाचून थांबणारा वरिष्ठ खूश होईल. पुढे मात्र असे आहे, की शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने हीच सारी सेवा त्याची करावी. त्याला शिकवावे, त्याच्यापाशी नसलेली वस्तू आपल्याजवळ असेल तर द्यावी. उपाध्यायाच्या मनात चुकीची दृष्टी शिरली तर शिष्याने त्याला त्यातून बाहेर काढण्याचा प्रयत्न करावा, हेही शिष्याचे कर्तव्यच. आणि हे अवलंबून राहणे कायमचे नाही. समर्थ भिक्षूसाठी त्याची मुदत पाच वर्षांची. एम. बी. बी. एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिपचे, म्हणजे जवळपास तेवढीच. आपला वरिष्ठ आपल्या आजारपणात खोलीवर येतो का आणि आपण त्याची चूक त्याला सांगू शकतो का, हे दोन प्रश्न विचारून पाहिले तर उत्तर लवकर मिळते.

त्याच महावग्गात उपसेनाची हकीकत आहे. स्वतः नुकताच भिक्षू झालेला असताना त्याने शिष्य केला. भगवंतांनी त्याला खडसावले आणि उपाध्याय होण्यास किमान दहा वर्षांची ज्येष्ठता हवी असा नियम केला. वरिष्ठ विद्यार्थ्यांनी हा इशारा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यांचे ज्ञानही अर्धेच असते. आमच्या वसतिगृहात एका गुणवंत वरिष्ठाच्या हस्तलिखित नोट्सची झेरॉक्स पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तीत बाह्य ग्रीवा धमनीच्या, म्हणजे एक्स्टर्नल कॅरोटिडच्या, सात शाखा दिल्या होत्या. शाखा आठ आहेत. असेंडिंग फॅरिंजियल ही बारीक शाखा कोणा नक्कल करणाऱ्याच्या हातून गळाली असावी. तोंडी परीक्षेत आमच्यापैकी ओळीने सहा जणांनी सात शाखा सांगितल्या, तेव्हा बाहेरगावाहून आलेले परीक्षक हसून म्हणाले, "या नागपुरात आठवी शाखा उगवतच नाही काय?" नोट्स जरूर घ्याव्यात, पण मूळ ग्रंथाशी ताडून. तसेच दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तापाच्या, झोपेच्या वा 'टेन्शन'च्या गोळ्या सुचवू नयेत. हे वसतिगृहांत सर्रास चालते आणि ते धोक्याचे आहे.

मनाच्या आजाराबाबत तर विशेष सावध राहावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती गटाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांची पाहणी आहे. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक जणांनी आपल्याला मानसिक आरोग्याचा त्रास असल्याचे सांगितले. कनिष्ठ मित्र जेवेनासा झाला, वर्ग चुकवू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, आणि हे आपल्या एकट्याच्या आवाक्यातले आहे असेही समजू नये. त्याच्यासोबत मनोविकृतीशास्त्र विभागात जावे. हा विभाग आपल्याच रुग्णालयात असतो आणि तेथे जायला विद्यार्थीच सर्वांत जास्त कचरतात. रात्री-अपरात्री 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत उपलब्ध आहे. तो खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा.

२०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या आरंभी पायाभूत वर्ग ठेवला आहे, भाषेचे साहाय्य आहे, अनेक महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मार्गदर्शक शिक्षक नेमला जातो. हे स्वागतार्ह आहे. तथापि रात्री अकराला अडलेला प्रश्न शिक्षकांपर्यंत जात नाही, तो शेजारच्या खोलीतच जातो. आणि शेजारची खोली सर्वांना सारखी उघडी नसते. मोठ्या शहरातील शिकवणीवर्गातून आलेल्यांचे पन्नास ओळखीचे आधीच तेथे असतात. कोणाचा मामा डॉक्टर, कोणाची बहीण तिसऱ्या वर्षाला. आपले मूल तेथे एकटे उतरते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ साली 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रम सुरू करून गरीब मुलांना प्रवेशपरीक्षेसाठी विनामूल्य शिकवायला घेतले. तेथे हे नाते प्रवेशाच्या आधीच जुळते. आपल्या माजी विद्यार्थ्यांना असे काही नागपुरात करता येणार नाही असे मुळीच नाही.

सध्या आपल्यासाठी सर्वांत निकडीचा काळ म्हणजे प्रवेशफेरीचे ते दोनतीन आठवडे. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती नसल्यामुळे मुले अडतात. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना चुका होतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'स्वाधार' योजना आहे, हे घरी कोणाला ठाऊक नसते. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर अकरावीतच करायला हवा. ज्याने मागच्या वर्षी हे सारे केले, त्याचा एक दूरध्वनी अशा वेळी उपयोगी पडतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या एका विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला. तिच्या पहिल्या रात्रीच्या फोनवर शरीररचनेचा एकही प्रश्न नव्हता. मेसमध्ये कोणाशेजारी बसू, एवढेच तिला विचारायचे होते. मी आमच्याच शाळेच्या, चौथ्या वर्षाला असलेल्या एका ताईचा क्रमांक तिला दिला. त्या दोघी आता एकाच वसतिगृहात राहतात.

हाडांची ती पेटी मी दुसऱ्या वर्षात गेल्यावर यवतमाळकडच्या एका मुलाला दिली. झाकणावर माझे नाव सहावे होते. पुढे ती कोणाकडे गेली हे मला कळले नाही. आता प्लास्टिकची हाडे मिळतात, मोबाइलवर सांगाडा फिरवून पाहता येतो, त्यामुळे ती कोणाला लागतही नसेल. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर, झाकणाच्या आत बॉलपेनने नावे लिहिलेली सागवानी पेटी असेल, तर मला कळवावे. माझ्यानंतर किती नावे आली, एवढेच पाहायचे आहे.